सोमीच्या बोटांचे ठसे

सोमी,

शुक्रवारी तुझी शोकसभा झाली. आपल्या बांबू केंद्राच्या शेडमध्येच घेतली, दुसरीकडे एवढ्या बायका मावल्या नसत्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी खोटं बोलले. "सोमीबाईला जर्मनीहून कामाचं बोलावणं आलं होतं, पण वयाच्या अटीमुळे व्हिसा मिळाला नाही," असं म्हणाले. बायकांनी माना हलवल्या. मागून कोणी तरी "अरेरे" केलं. तुझी सून मंगला पहिल्या रांगेत बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी घाईघाईने पुढच्या वाक्यावर गेले.

हेच खोटं मी तुला तू जिवंत असताना सांगितलं होतं. आता तू गेल्यावर माईकवरून सगळ्या बचतगटांना सांगून मोकळी झाले. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, असं काही लिहिणार नाही. जेवण गेलं. झोपही लागली. पण बचतगटांच्या संघाच्या पत्रिकेत तुझ्यावर कोण लिहिणार असा विषय निघाला आणि सगळ्या म्हणाल्या, "तुमीच लिहा बाई, तुमच्याइतकं तिले कोन ओळखत होतं?" तेव्हा मात्र मान वर करता येईना.

तू हे वाचणार नाहीस. तसंही तू वाचत नव्हतीस. येणारा प्रत्येक कागद मी वाचून दाखवायचे आणि तू म्हणायचीस, "नीट वाच वं, मधलं मधलं खाऊ नको." आज मधलं खात नाही.

मी केंद्रात आले त्या दिवशी तू तुमचं गोंडांचं "जय सेवा" म्हणालीस, मी म्हणाले "जय भीम", आणि ओळख तेवढ्यावर आटोपून तू लगेच विचारलंस, "बांबू फाडता येते का तुले?"

"नाई येत."

"मंग कायची मॅनेजर वं तू?"

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली, बी.कॉम. झालेली, मला राग आला. तू माझ्या हातात कोयता दिलास. मी बांबू फाडला तो वाकडा, आणि अंगठाही फाडला. तू चिंधी बांधलीस आणि म्हणालीस, "हं, आता झाली." त्या दिवसापासून तू मला 'बाई' आणि 'तू' म्हणत आलीस. मीही तुला 'तू'च म्हटलं. कोण मोठं हे आपल्याला माहीत नव्हतं.

आपलं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. गिऱ्हाईक बारा इंचाची टोपली मागायचं, तू वीत टाकून करायचीस. कधी अकरा व्हायची, कधी साडेबारा. मी पट्टी घेऊन तुझ्यामागे फिरायचे. "मानूस का पट्टीनं मोजून टोपली भरते का?" तू म्हणायचीस. मी म्हणायचे, "मानूस नाही भरत, खोक्यात भरावं लागते." तुझ्या मते खोकं मोठं करायला हवं होतं. अजूनही मला वाटतं मी बरोबर होते. पण गिऱ्हाईक परत परत यायचं ते त्या अकरा इंचाच्या टोपलीसाठीच, हेही खरं.

हान्ना आली ती अशीच, टोपलीच्या मागे. जर्मनीत तिची विणकामाची कार्यशाळा होती. आठ दिवस राहायची म्हणून आली आणि आठही दिवस तुझ्यासमोर मांडी घालून बसली. तिला मराठी येत नव्हतं, तुला इंग्रजी. तू गोंडीत बडबडायचीस, ती तिच्या भाषेत, आणि दोघी हसायच्या. तुझी ती दुहेरी वीण, जिची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते सापडत नाही, ती तिला काही केल्या जमली नाही. जाताना तिने मला विचारलं, ही बाई आमच्याकडे सहा महिने शिकवायला येईल का? पगार, राहणं, तिकीट सगळं त्यांचं.

मला वाटलं तू हसण्यावारी नेशील. तू हसली नाहीस. तिसऱ्या दिवशी कामट्या सोलता सोलता म्हणालीस, "जातो मी."

"खरंच?"

"मले पाहाचं आहे, ते लोकं माह्या टोपलीत ठेवते काय. इथून एवढ्या टोपल्या गेल्या. धान नाई, मोह नाई, मंग ठेवते काय त्याच्यात? ते हान्ना म्हने भितीले टांगते. भितीले टांगाले टोपली करते का कोनी?"

पैशाचं तू एकदाही विचारलं नाहीस, विमानाचंही नाही. तुला टोपलीचं काय होतं तेवढं पाहायचं होतं. मला ते कारण तेव्हा गमतीचं वाटलं, आणि मी ते हान्नाला पत्रात कळवलं. तिने लिहिलं, तिला म्हणावं ये, घराघरात नेऊन दाखवते.

मग कागद सुरू झाले. आधी पासपोर्ट. तुझी जन्मतारीख मीच कधी काळी आधारच्या शिबिरात भरली होती. तुझी माय म्हणाली होती, ज्या साली बांबूला फुलोरा आला त्या साली झाली. मी दोन-चार म्हाताऱ्यांना विचारून एक साल ठरवलं आणि पुढे एक जानेवारी टाकलं. फोटोच्या वेळी फोटोवाला "हसू नका" म्हणाला की तू जास्तच हसायचीस. पासपोर्टच्या कचेरीत बोटं उमटायला अर्धा तास लागला, पण उमटली. धानाच्या रोवणीचे दिवस होते, महिनाभर तू बांबूला हात लावला नव्हतास. बांबू सोडला की बोटं उमटतात, ही गोष्ट मला तेव्हाच कळली होती. रेशनच्या दुकानात तुझा अंगठा लागत नाही, म्हणून कायम मंगला जाते, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. हे एवढ्यासाठी सांगते की, मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

मग करारपत्र, हान्नाचं पत्र, विमा, तुझ्या कामाचे फोटो, केंद्राचा दाखला. तुझ्याकडे कसलंच प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून मी दाखल्यात लिहिलं की ही आमच्या सगळ्यांची गुरू आहे. वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "खोटं काऊन लिहिलं? तू त अजूनबी वाकडाच फाडते." मुलाखतीची तयारीही घेतली.

"परत कशाला येणार, असं विचारतील. काय सांगशील?"

"धान कापाले."

"तसं नाही. माझं कुटुंब भारतात आहे, असं म्हण."

"कुटुंब आहेच. पन धान कापाले कोन येईन मंग?"

फेब्रुवारीत आपण मुंबईला व्हिसाच्या केंद्रात गेलो. खिडकीवरची मुलगी चांगली होती. तुझी बोटं काचेवर ठेवली की पडद्यावर नुसता पांढरा डाग यायचा. तिने ओल्या रुमालाने पुसून पाहिली, कोरडी करून पाहिली, स्वतःच्या हाताने दाबून पाहिली. दहातली दोन उमटली. तिने मला विचारलं, या काय काम करतात? मी सांगितलं. मग ती माझ्याशी इंग्रजीत बोलली. गवंडीकाम करणारे, भांडी घासणारे असे बरेच जण येतात, त्यांच्याही बोटांचं असंच होतं. तीन आठवडे हे काम पूर्ण बंद ठेवा, रोज तेल लावा, कातडी परत येते. एक महिन्यानंतरची तारीख देते.

मला शब्दन् शब्द समजला.

तू माझा पदर ओढलास. "काय म्हनते वं पोरगी? रेशनसारखंच झालं का?"

माझ्या डोक्यात त्या वेळी चाळीस लॅम्पशेड होत्या. जंगलाच्या गेटाजवळच्या नव्या रिसॉर्टची ऑर्डर. उन्हाळ्यात पर्यटक येण्याआधी द्यायच्या होत्या, आणि वरचं कडं तुझ्या त्या दुहेरी विणीचं हवं होतं. ते तुझ्याशिवाय कोणालाच जमत नव्हतं. केंद्राला मिळालेलं ते पहिलं मोठं काम. मी होकार देऊन बसले होते. तुला तीन आठवडे हात बांधून बस म्हटलं असतं, तर तू बसली असतीस, मला माहीत होतं. तू सांगितलेलं तंतोतंत करायचीस.

मी म्हणाले, "नाई वं. मशीन खराब आहे त्यांची. पुढच्या महिन्यात या म्हणते."

गाडीत बसल्यावर तू खिडकीला डोकं टेकून म्हणालीस, "बरंच झालं. तवरिक तुह्यी ऑर्डर होऊन जाईन."

सोमी, तिथे सांगता आलं असतं. समोरासमोर बसलो होतो, तेरा तासांचा प्रवास होता.

तो महिना तू सकाळपासून उजेड जाईपर्यंत कडी विणलीस. ओला बांबू, बारीक पट्टी, तिची धार. मी रोज चहा घेऊन यायचे आणि रोज तुझी बोटं बघायचे. एकदा सिंदेवाहीच्या बाजारातून व्हॅसलीनची डबी आणली. ती माझ्या खणातच राहिली. दिली असती तर तू विचारलं असतंस, हे कशाले? चाळीसच्या चाळीस लॅम्पशेड वेळेत गेल्या. रिसॉर्टवाल्याने फोन करून कौतुक केलं. ते कौतुक मी तुला जसंच्या तसं सांगितलं. तेवढं मात्र मधलं न खाता.

दुसऱ्या खेपेला एकही बोट उमटलं नाही. या वेळी खिडकीवर एक पुरुष होता. त्याने विचारलं, काम बंद ठेवलं होतं का? मी म्हणाले, हो. म्हणजे त्यालाही खोटंच सांगितलं. तो म्हणाला, मग कातडीच्या डॉक्टरचा दाखला आणा आणि तिसरी तारीख घ्या, अशा लोकांचंही काम होतं. त्याने काय काय लागेल ते कागदावर लिहून दिलं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

डॉक्टरकडे गेलो असतो तर डॉक्टरने तुलाच विचारलं असतं, महिनाभर हाताने काय केलं? तू सांगितलं असतंस. मग सगळंच उघडं पडलं असतं. रस्त्यावर आलो, तू म्हणालीस, "आजबी बोटं नाई उमटले ना?" आणि मी तोंडाला येईल ते बोलले. "बोटांचं नाई सोमी. त्यांनी नाही म्हटलं. वय जास्त होते म्हणे तुझं."

तू थांबलीस आणि म्हणालीस, "दोन-चार सालं कमी लिहाचे होते ना बाई. तूच त लिहिलं होतं."

तुझ्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या टोपलीचा काठ थोडा आणखी आवळायला हवा होता, असं म्हणावं तसं तू म्हणालीस. मी हसले. सोमी, मी हसले.

हान्नाला मी कळवलं की व्हिसा झाला नाही. कारण लिहिलं नाही.

त्यानंतर तू म्हातारी झालीस. त्याच्या आधी तू कधीच म्हातारी नव्हतीस. मोहफुलं वेचायच्या दिवसांत पहाटे टोपलं घेऊन सगळ्यांच्या पुढे असायचीस. मुंबईहून आल्यावर तू बसताना गुडघ्यावर हात ठेवायला लागलीस. केंद्रात कोणी पाहुणे आले की मागच्या ओळीत सरकायचीस आणि म्हणायचीस, "ते पोरीइले विचारा. मी म्हातारी, मले काय समजते?" ती दुहेरी वीण तू मंगलाला शिकवलीस आणि आपली बारीक सुरीही तिला देऊन टाकलीस. लोक म्हणाले, वय होतंच माणसाचं. मीही मान हलवली. एक खोटं वय मी कागदावर लिहिलं होतं, ते तुझ्या अंगात कसं उतरलं ते मी रोज बघत होते.

दुसऱ्या वर्षी हान्नाचं पत्र आलं, दुसरी कोणी तीन महिने येऊ शकेल का? मी तुला सांगायच्या आधीच तू म्हणालीस, "सुनेले पाठव. वीण त तेच आहे." तुझ्या या मोठेपणाचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हाही कळलं नाही. मी मंगलाचे कागद केले. आणि तिचे हात राखले. महिनाभर कोयता नाही, सुरी नाही, राखेने भांडी नाहीत. सगळ्या बायकांना बजावलं, हिला बांबूला शिवू द्यायचं नाही. मंगला शेडमध्ये हात मांडीवर ठेवून बसायची आणि बाकीच्या चिडवायच्या, "आली पाटलीन!"

तू दोन दिवस पाहिलंस. मग माझ्या टेबलाशी आलीस.

"हिले काऊन बसवून ठेवलं?"

"बोटांचे ठसे नीट यावे म्हणून."

"कोनं सांगतलं?"

"व्हिसावाल्यांनी. आराम दिला की कातडी परत येते."

तू स्वतःच्या हातांकडे पाहिलंस. उलटे केलेस, सुलटे केलेस. "माह्या वेळी मशीन खराब होती ना?"

मी म्हणाले, "हो."

तू "हं" म्हणालीस आणि परत जाऊन बसलीस. त्या 'हं'मध्ये काय होतं हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. तुला कळलं आणि तू मला सोडून दिलंस, की तू माझ्यावर विश्वास ठेवलास? दोन्हींपैकी कोणतं खरं असेल तर मला कमी लाज वाटेल, ते मला ठरवता येत नाही.

मंगला तीन महिने राहून आली. सगळ्यांसाठी चॉकलेट आणली. तू तिला एकच विचारलंस, "काय ठेवते वं टोपलीत?"

"काही काही जनी लोकरीचे गुंडे ठेवते. काही काही जनी काईच नाई ठेवत, आई. तसंच ठेवते. पाहाले."

"रिकामी?"

"रिकामी."

"अन् पाहून काय करते?"

मंगला चॉकलेट वाटायला उठली. तू तिथे गेली असतीस तर घरात शिरून हात लावून, उलटी करून पाहिली असतीस आणि तुला काही तरी कळलं असतं. आम्हाला येऊन सांगितलं असतंस. ते काय असतं, ते आता कोणालाच कळणार नाही. माझ्यामुळे काय गेलं असं कोणी विचारलं, तर एवढंच नेमकं सांगता येतं.

माझी आई गेली तेव्हा तू आली होतीस. कोणाला न विचारता अंगण झाडलंस, भात टाकलास, लोकांना पाणी दिलंस, संध्याकाळच्या बसने निघून गेलीस. "रडू नको" म्हणाली नाहीस, "रड" म्हणाली नाहीस. मी तुझ्यासाठी दवाखान्यात आले ती तापाच्या दुसऱ्या दिवशी. सांगायचं ठरवूनच आले होते. तू डोळे उघडून म्हणालीस, "वाळू घातलेले बांबू उचलले का? आभाळ आलं आहे." मी म्हणाले, उचलले. मग नर्स आली, मंगला आली, आणि मी उद्या येते म्हणून उठले. उद्या यायची गरज पडली नाही.

शोकसभेनंतर शनिवारी मी मंगलाकडे गेले. ती अंगणात बांबू फाडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आता इथे लिहिलंय तसंच. तिने कोयता खाली ठेवला नाही.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "मले बसवून ठेवलं ना, तवाच."

"आणि सोमीला?"

"ते मले नका विचारू."

"मंगला, मला फार..."

"नाई बाई." तिने मला बोलू दिलं नाही. "हे माह्याजवळ नका ठेवू. जिले सांगाचं होतं ते गेली. मले सांगून तुमी घरी जासान, अन् मी हे घेऊन बसू का? अन् काल माईकवर काय बोलल्या तुमी? सगळ्या बायकाईसमोर आईले म्हातारी केलं. आता सगळ्याईसमोरच सांगा."

तिने बस म्हटलं नाही. मी फाटकापर्यंत गेले तरी कोयत्याचा आवाज थांबला नव्हता.

म्हणून हे पत्रिकेत छापून येण्याआधी सोमवारच्या मासिक सभेत मी स्वतः वाचून दाखवणार आहे, त्याच शेडमध्ये, उभी राहून. त्यानंतर बायकांनी मला या खुर्चीवर ठेवायचं की नाही, ते त्या ठरवतील. हान्नालाही लिहिलं आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि आलं तर ते कसं असावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही.

सोमी, तुझं वय झालं नव्हतं. वयाची कसली अटच नव्हती. जर्मनीने तुला नाही म्हटलं नाही, खिडकीवरच्या मुलीने म्हटलं नाही, त्या माणसानेही म्हटलं नाही. त्यांनी तिसरी तारीख घ्या म्हटलं होतं. ती मी घेतली नाही.